फुलं भरणाऱ्या हातांचं घर

हानबोक या कोरियन पोशाखातलं वरचं आखूड वस्त्र म्हणजे जोगोरी. ती पुढून उघडी असते आणि दोन लांब बंदांनी बांधायची असते. या बंदांना गोरुम म्हणतात. गोरुमची गाठ हा सवयीचा भाग आहे. सवय गेली की गाठ सैल पडते, एका अंगाला झुकते, बंद कामात मध्ये मध्ये येतात. 1960 च्या दशकात सोयीच्या, सुटसुटीत हानबोकची मागणी वाढली, तेव्हा पुष्कळ बायकांनी गोरुम काढूनच टाकले. जोगोरी आतून अडकवायची आणि जिथे गाठ यायची तिथे ब्रूच टाचायचा, अशी रीत पडली. सोलच्या इन्सादोंग आणि बुकचोन भागांतल्या दुकानांत आज रेशमी तुकड्यांपासून हाताने केलेली फुलांची ब्रूच दिसतात, त्यांचा जन्म या बदलातला.

असं एक फूल करायला साहित्य फार लागत नाही. चिंधीएवढं रेशीम, सुई, दोरा, पाठीमागे लावायला पिन. पाकळीच्या कडा आत दुमडून इतक्या बारीक टाक्यांनी शिवायच्या की टाका वरून दिसता कामा नये. पाकळ्या एकीवर एक चढवायच्या, खालून दोरा ओढून घ्यायचा, मध्यभागी मोती किंवा रेशमी दोरीची गाठ बसवायची. पाकळीचा फुगीरपणा दोरा किती ओढला यावर ठरतो. जास्त ओढला तर फूल आकसतं, कमी ओढला तर लोळागोळा होतं. हे माप कुठल्या पुस्तकात सापडत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जातं, आणि मधला एक हात गळला की तिथेच संपतं.

कोरियात ते संपलं नाही, आणि त्यामागे काही माणसांची जिद्द आहे. त्यांतल्या एका जोडप्याने घरात जमवलेल्या शिवणाच्या आणि भरतकामाच्या वस्तूंचं 1976 मध्ये संग्रहालय केलं. त्याचं नाव कोरियन भरतकाम संग्रहालय. चार दशकं ते खासगी राहिलं. मग सगळा संग्रह सोल शहराच्या हवाली झाला आणि 2021 पासून तो सोल हस्तकला संग्रहालयात सर्वांसाठी खुला आहे. ही त्या संग्रहाची वाटचाल.

ती समजायची तर ब्रूचच्या आधी छातीवर काय होतं ते पाहायला हवं. जोसन राजवटीत, म्हणजे 1392 पासून पुढची पाच शतकं, कोरियन स्त्रिया गोरुमला किंवा चिमाच्या, म्हणजे घेरदार घागऱ्याच्या, कमरपट्टीला नोरिगे लटकवत. नोरिगेला वर एक आकडा असतो, त्याला त्तिदोन म्हणतात. हा आकडा चौकोनी, गोल, फुलाच्या किंवा फुलपाखराच्या आकाराचा घडवलेला असे. त्याच्याखाली रेशमी दोरी, दोरीत गाठी, मग मुख्य दागिना आणि शेवटी गोंडा. मुख्य दागिना जेड, पोवळं, अंबर किंवा चांदीचा असे. ज्या घरांना हे परवडत नसे तिथे तो कापडाचा असे, आत कापूस भरून वर कशिदा काढलेला. माझ्या मते आजच्या कापडी फुलाचे खरे पूर्वज दोन, फुलाच्या आकाराचा त्तिदोन आणि कशिद्याची कापडी नोरिगे. पिन तेवढी नवी आहे.

नोरिगे नुसती शोभेची नव्हती. एखादीत सुगंधी द्रव्य ठेवलेलं असे, एखादीत सुया, एखादीला छोटा चाकू जोडलेला. तीन नोरिगे एकत्र बांधल्या की तो मोठ्या समारंभाचा साज. राण्यांच्या थोरल्या साजात पोवळ्याची फांदी, जेडचं फुलपाखरू आणि अंबरात कोरलेलं बुद्धाच्या बोटांसारखं फळ असे. या दागिन्यांना बांधणाऱ्या गाठींची कला म्हणजे मेदुप. एका दोरीचा मध्य धरून दोन्ही पदर सारखे चालवायचे, म्हणजे गाठ उजवीकडून-डावीकडून आणि पुढून-मागून सारखीच दिसते. गाठींची नावं बागेतून आलेली आहेत. शेवंतीची गाठ, आलुबुखाराच्या मोहोराची गाठ, कमळकळीची गाठ, शिवाय फुलपाखरू आणि चतुर. कमळकळीची गाठ बटण म्हणूनही वापरतात. आजच्या ब्रूचमध्ये पाकळ्यांच्या मधोमध बसलेली गाठ पुष्कळदा हीच असते.

कशिद्याचे प्रवाह दोन. राजवाड्यात सुबांग नावाचा वेगळा विभाग होता. तिथल्या दासी लहानपणापासून सुई हातात घेत आणि राजघराण्याचे कपडे, पडदे, पिशव्या भरत. त्यांचा टाका घट्ट आणि एकसारखा. बाहेर घराघरांत चालणारं भरतकाम मोकळं, रंगांनी धीट, प्रमाणाची फार पर्वा न करणारं. दोन्हींची भेट लग्नाच्या दिवशी होई. ह्वारोत हा लाल रेशमावर कमळं, मोठी गुलाबासारखी पिओनी, फिनिक्स पक्षी भरलेला झगा मुळात राजकन्यांचा. पण लग्नाच्या एका दिवसापुरती साध्या घरातल्या मुलीलाही तो घालायची मुभा होती. गावात एखादाच ह्वारोत असे आणि तोच एकामागून एक वधूंच्या अंगावरून फिरे. फाटला की त्यावर ठिगळ लावत, ठिगळावर पुन्हा फूल भरत. जुन्या ह्वारोतच्या बाह्या आणि काठ बघितले तर कितीतरी बायकांचे टाके एकाच झग्यात सापडतात.

यांतल्या एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. चित्रावर चित्रकाराचा शिक्का असे, चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्यांची नोंद असे, भरतकामाखाली मात्र काही नाही. ज्या कामाखाली नाव नाही त्याला बाजारात किंमत येत नाही, आणि किंमत नसलेलं काम जपलं जात नाही. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला आणि राजवाड्याला माल पुरवणाऱ्या कारागिरांचा आधार तुटला. 1950 ते 1953 च्या युद्धात घरं जळाली, माणसं पाठीवर मावेल तेवढं घेऊन पळाली. युद्धानंतरच्या हलाखीत पेटाऱ्यातले कशिद्याचे पडदे, पिशव्या, नोरिगे जुन्या वस्तूंच्या बाजारात येऊ लागल्या. परदेशी लोक त्या हौसेने घेत. कोरियन संग्राहकांचा डोळा भांड्यांवर आणि चित्रांवर होता. भरतकाम म्हणजे बायकांचं घरकाम, त्यात जमवण्यासारखं काय, असा सर्वसाधारण समज होता.

हो दोंग-ह्वा यांना हा समज बोचला. त्यांचा जन्म 1926 चा, ह्वांगहे प्रांतातला. हा प्रांत आज उत्तर कोरियात आहे, म्हणजे त्यांचं गाव त्यांना कायमचं दुरावलेलं. सोलमध्ये ते नोकरी करत आणि इतरांसारखीच भांडी-चित्रं गोळा करत. जुने कशिद्याचे पडदे परदेशी जाताना दिसू लागले तसे ते या वस्तूंकडे वळले आणि मग तिकडचेच झाले. त्यांच्या पत्नी पाक योंग-सुक दंतवैद्य होत्या. हा संग्रह त्यांच्या दवाखान्याच्या मिळकतीवर उभा राहिला, आणि निवडीतही त्यांचा वाटा होता. कोरियन भरतकाम संग्रहालयाची गोष्ट बहुतेक ठिकाणी एकट्या हो दोंग-ह्वांची म्हणून सांगितली जाते. ते मला पटत नाही. ज्या संग्रहाने निनावी बायकांच्या कामाला मान मिळवून दिला, त्याच्या कथेत घरातल्या बाईचं नाव मागे पडू नये.

सुरुवातीला कुणी हे भरतकाम गांभीर्याने घेईना. दोघं मात्र घेत राहिले. पडदे, कपडे, उशांच्या टोकांचे गोल तुकडे, पिशव्या, नोरिगे, सुया ठेवायच्या डब्या, अंगुस्तानं. अंगुस्तान ही अगदी क्षुल्लक वस्तू, पण कोरियन बायका कापडाच्या थरांवर छोटी फुलं भरून ती सजवत आणि मुलगी सासरी जाताना तिला कित्येक अंगुस्तानं बरोबर देत. अशा वस्तूंना दुकानदार हसत. त्या जमवायच्या तर विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला त्यांचं मोल जास्त कळावं लागतं.

1976 मध्ये कोरियन भरतकाम संग्रहालय सुरू झालं. दोनच वर्षांनी, 1978 मध्ये, सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या संग्रहाचं प्रदर्शन भरवलं. त्याचं नाव होतं ‘पाक योंग-सुक संग्रहातील कोरियन पारंपरिक भरतकामाची पाचशे वर्षं’. त्या वेळी राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक छे सुनू होते. कोरियन कलेतल्या साध्या, घरगुती सौंदर्याबद्दल अतिशय जिव्हाळ्याने लिहिणारा हा अभ्यासक. देशाच्या सर्वोच्च संग्रहालयाच्या दालनात उशीचं टोक आणि सुयांची डबी बुद्धमूर्तींच्या आणि हिरव्या झिलईच्या भांड्यांच्या शेजारी आली. या वाटचालीतला सर्वांत मोठा टप्पा कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी 1978 सांगेन. त्यानंतर भरतकामाला घरकाम म्हणणं अवघड झालं.

याच सुमाराला संग्रहातल्या काही वस्तूंना सरकारी संरक्षण मिळालं. चार ऋतूंमधली कुंड्यांतली फुलझाडं भरलेला गोर्यो काळातला, म्हणजे जोसनच्या आधीच्या राजवटीतला, पडदा राष्ट्रीय ठेवा क्रमांक 653 ठरला. बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या आकृती भरलेलं भिक्षूचं उपरणं 654 वर आलं. याखेरीज मेघ आणि फिनिक्स भरलेली सुगंधाची पिशवी, सूर्यचंद्र भरलेली मंत्र ठेवायची पिशवी आणि राणीच्या पोशाखावरचा पाच नखांच्या ड्रॅगनचा बिल्ला, या तीन वस्तूंची लोकजीवनाचा वारसा म्हणून नोंद झाली. फुलांचा पडदा 14 व्या शतकाच्या आसपासचा मानतात. कोरियात कापड टिकणं फार कठीण, उन्हाळ्यात दमट हवा आणि हिवाळ्यात घरातल्या तापलेल्या जमिनीची कोरडी ऊब. तिथे एवढा जुना कशिदा शिल्लक राहिला, याचं अभ्यासकांना अजून अप्रूप आहे.

संग्रहाला दुसरी ओळख मिळवून दिली ती बोजागीने. बोजागी म्हणजे वस्तू झाकायचं, बांधायचं, उचलून न्यायचं चौकोनी फडकं. शिवून उरलेल्या कापडाच्या तुकड्यांचं जोडून केलेलं बोजागी म्हणजे चोगाकबो. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तीच काटकसर आणि तीच नजर इथेही आहे, फक्त चोगाकबो पुष्कळदा एकपदरी असतो आणि उन्हात धरला तर शिवणीच्या रेघा काचेवरच्या नक्षीसारख्या उमटतात. उन्हाळी चोगाकबो मोशीचे असतात. ही एका झुडपाच्या सालीतून काढलेल्या धाग्याची पातळ, ताठ वीण. हान्सान गावच्या मोशी विणकामाला 2011 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. मोशीचे तुकडे जोडताना कडा एकमेकींत दुमडून शिवतात, त्यामुळे उलट-सुलट असा भेद राहत नाही. तुकड्याला तुकडा जोडत गेलं की घरातल्या माणसांचं आयुष्य वाढतं, अशी बायकांची समजूत होती. हो दोंग-ह्वा सांगत की युरोपच्या अमूर्त चित्रकारांच्या कितीतरी आधी कोरियन घरांत रंगांच्या चौकोनांशी असा खेळ चालला होता. मोंद्रियान आणि क्ली या चित्रकारांची नावं त्यामुळे चोगाकबोच्या शेजारी येऊ लागली. ही तुलना उपयोगी ठरली, लोकांनी डोळे उघडून फडक्याकडे पाहिलं. पण मला वाटतं, चोगाकबोला मोंद्रियानच्या शिफारशीची गरज नाही. तो शिवणारीला चित्र काढायचं नव्हतं, तिला जेवणावर झाकायला काहीतरी सुंदर हवं होतं, आणि ही इच्छा स्वतःच पुरेशी मोठी आहे.

वस्तू जपणं हा एक भाग झाला. वस्तू करणारे हात जपायचं काम दुसऱ्या वाटेने चाललं होतं. 1962 मध्ये कोरियाने सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा केला. त्यात इमारती आणि मूर्तींबरोबर कौशल्यांनाही संरक्षण होतं. एखाद्या कलेची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद करायची, ती उत्तम जाणणाऱ्या माणसाला तिचा धारक म्हणून मान्यता द्यायची, त्याला सरकारने दरमहा मानधन द्यायचं आणि त्याने शिष्य घडवायचे, अशी ही योजना. मेदुपची नोंद 1968 मध्ये क्रमांक 22 वर झाली आणि जोंग योन-सू हे वृद्ध कारागीर पहिले धारक झाले. त्यांच्याकडे शिकायला आलेल्यांत किम ही-जिन होत्या. गाठींची नावं, दोऱ्या विणायची साधनं, गोंड्यांचे प्रकार त्यांनी जुन्या माणसांना विचारून विचारून टिपून ठेवले. जोंग 1974 मध्ये गेले. 1976 मध्ये किम ही-जिन धारक झाल्या. तेच वर्ष भरतकाम संग्रहालयाच्या सुरुवातीचं. 2021 मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत त्यांच्या हाताखालून पिढ्या तयार झाल्या होत्या.

भरतकामाची नोंद व्हायला 1984 उजाडलं. क्रमांक 80, पहिल्या धारक हान सांग-सू. त्यांनी पुढे बुकचोनमध्ये स्वतःचं छोटं भरतकाम संग्रहालय काढलं. 1996 मध्ये छे यू-ह्योन यांना धारक म्हणून मान्यता मिळाली. या दोघींनी जुने नमुने पाहून टाके पुन्हा बांधले, आणि जुने नमुने पाहायला मिळण्यासाठी ते कुठेतरी सांभाळलेले असावे लागतात. संग्रह नसता तर धारकांना आठवणीवर विसंबावं लागलं असतं. धारक नसते तर संग्रहातली फुलं कशी भरली हे सांगायला कुणी उरलं नसतं.

1990 च्या दशकात संग्रह देशाबाहेर फिरला. 1995 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आशियाई कला संग्रहालयात जोसन काळातले पोशाख आणि बोजागी दाखवले गेले. 1998 मध्ये सिडनीच्या पॉवरहाऊस संग्रहालयात ‘रॅप्ट इन कलर’ हे प्रदर्शन झालं. जपान आणि युरोपातही संग्रह गेला. या प्रवासांतून अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही बोजागीची ओळख झाली. एकेकाळी या वस्तू विकल्या जाऊन परदेशी जात होत्या. आता त्या दाखवल्या जाऊन घरी परत येत होत्या. हो दोंग-ह्वांना याचं समाधान वाटलं असणार.

या काळात संग्रहालयाचा मुक्काम गंगनाममधल्या नोनह्योन-दोंगमध्ये होता. जागा लहान होती आणि वस्तूंची संख्या वाढत होती. खासगी संग्रहालयांपुढचा प्रश्न सगळीकडे सारखाच असतो. जमवणारी पिढी थकली की पुढे काय? वारसांत वाटणी झाली तर संग्रहाचे तुकडे होतात, लिलावात गेला तर तो पुन्हा पेटाऱ्यांत नाहीसा होतो. कापडाला तर वातानुकूलित कोठार, मंद प्रकाश, सपाट खण आणि सतत देखरेख लागते. एका कुटुंबाच्या ऐपतीत हे किती दिवस बसणार? दोघांनी सगळा संग्रह सोल शहराला दान केला. पाच हजारांहून अधिक वस्तू, राष्ट्रीय ठेव्यांसकट. मे 2018 मध्ये हो दोंग-ह्वा वारले. ज्या इमारतीत आपला संग्रह जाणार ती पूर्ण झालेली त्यांना पाहता आली नाही.

ती जागा मात्र साधीसुधी नाही. सोलच्या आंगुक-दोंग भागात, बुकचोनच्या पायथ्याशी, एक मोठं जुनं अंगण आहे आणि त्यात सुमारे चारशे वर्षांचा गिंको वृक्ष उभा आहे. जोसन काळात इथे राजघराण्यातल्यांचे वाडे होते. हांगुल लिपी देणारा राजा सेजोंग 1450 मध्ये याच आवारातल्या आपल्या मुलाच्या घरी वारला. 1881 मध्ये इथे युवराजाच्या लग्नासाठी खास वाडा बांधला गेला आणि 1882 मध्ये युवराज सुनजोंगचं, म्हणजे पुढे जोसन घराण्याचा शेवटचा सम्राट झालेल्या राजपुत्राचं, लग्न इथे लागलं. पुढे या जागी पुंगमुन मुलींची शाळा आली आणि दशकानुदशकं इथे शाळेची घंटा वाजत राहिली. 2017 मध्ये शाळा नदीपलीकडे गंगनामला हलली. शाळा जुन्या शहरातून गंगनामला गेली आणि गंगनामचा संग्रह शाळेच्या रिकाम्या इमारतींत आला.

शाळेच्या इमारती न पाडता त्यांचंच संग्रहालय करायचा निर्णय शहाणपणाचा होता. जिथे एकेकाळी राजवधूचा साज चढला असेल आणि नंतर मुली वह्या-पुस्तकं घेऊन बसल्या, तिथे आता बायकांचं शिवणकाम मांडलं आहे. कोरियातलं हे पहिलं सार्वजनिक हस्तकला संग्रहालय जुलै 2021 मध्ये खुलं झालं. त्यातली तिसरी इमारत कापडाची. तिला हो दोंग-ह्वांच्या टोपणनावावरून ‘साजोन-गा’ नाव दिलं आहे. तिथल्या दोन कायमच्या मांडणींपैकी एकीचं नाव ‘भरतकाम, फुलं फुलतात’ आणि दुसरीचं ‘बोजागी, रोजच्या जगण्याला वेढणारं’. पहिल्या मांडणीत पडदे आहेत, ह्वारोतचं भरतकाम आहे, नोरिगे आणि पिशव्या आहेत, आणि दुकानदार हसत ती अंगुस्तानंही आहेत.

या दान केलेल्या संग्रहाभोवती गेल्या काही वर्षांत वातावरण बरंच बदललं आहे. जुलै 2022 मध्ये कोरियाने हानबोक घालण्याची, शिवण्याची, सणावाराला तो वापरण्याची सगळी रीत राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. त्यात कुणा एकाला धारक नेमलं नाही, कारण ही रीत साऱ्यांची आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाने ह्वारोतवर मोठं प्रदर्शन भरवलं. लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयातला जुना ह्वारोत त्यासाठी दुरुस्त होऊन मायदेशी पाहुणा आला होता. त्या दुरुस्तीला बीटीएस या कोरियन गायकसमूहातल्या आरएमने दिलेल्या देणगीचा आधार होता. आपल्याकडच्या ज्या मुलामुलींनी त्याची गाणी पाठ केली आहेत, त्यांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. 2024 मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने देओक्सुगुंग राजवाड्यात विसाव्या शतकातल्या भरतकामाचं प्रदर्शन केलं. त्यात टोकियोत शिकून आलेल्या, स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांत शिकवणाऱ्या, कशिद्यातून अमूर्त चित्रं काढणाऱ्या बायका होत्या, आणि या वेळी त्यांची नावं भिंतीवर लिहिलेली होती.

नावांचा हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. संग्रहालयाने जुन्या वस्तू वाचवल्या, कायद्याने थोड्या धारकांना मान दिला. पण ब्रूच करणाऱ्या बायका या दोन्हींच्या बाहेर आहेत. त्या धारक नाहीत, त्यांच्या वस्तू संग्रहालयाच्या काचेत नाहीत. कुणी भाड्याच्या खोलीत शिवते, कुणी मेदुपच्या वर्गात शिकून घरून काम करते, कुणी हानबोकच्या दुकानातल्या उरलेल्या चिंध्या मागून आणते. त्यांच्या शेजारी यंत्रावर कापलेल्या, गोंदाने चिकटवलेल्या पाकळ्यांची स्वस्त फुलं ढिगाने येतात. वरून पाहिलं तर पटकन फरक कळत नाही. फूल उलटं करून पाहावं. हाताच्या फुलात पाकळ्यांच्या बुडाशी ओढून घेतलेला दोरा दिसतो, कडा आत वळलेल्या असतात, कापलेली धार उघडी नसते. गोंदाचं फूल उन्हाळ्यात सुटतं आणि हाताचं फूल जोगोरी जुनी झाली तरी काढून दुसरीवर लावता येतं.

हो दोंग-ह्वा आणि पाक योंग-सुक यांना जमवलेल्या हजारो वस्तूंपैकी बहुतेकींच्या मागचं नाव मिळालं नाही, कारण ते ज्या काळात मिळू शकलं असतं त्या काळात कुणी विचारलं नव्हतं. आजच्या फुलांच्या बाबतीत ती वेळ अजून गेलेली नाही. सोलला जाणं झालं तर आंगुक स्थानकावर उतरा, गिंकोच्या अंगणात शिरा आणि आधी तिसऱ्या इमारतीत जा. तिथली फुलं सावकाश पाहून झाली की इन्सादोंग काही पावलांवरच आहे. हाताने केलेलं एक फूल घ्या, आणि पैसे देताना ते कुणी केलं हे विचारून तिचं नाव लिहून ठेवा.